त्याच्या जागेवरचं दुकान

लखनऊमध्ये, तेलीबागच्या बाजारात रायबरेली रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत एक आटाचक्की आहे. तिला लागूनच माझं एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. माझं म्हणतो, पण जागा चक्कीवाल्या चाचांची. ती त्यांनी त्यांच्या मुलासाठी राखून ठेवली होती. मुलगा आखातातून परत येऊन तिथे दुकान टाकणार होता. तो परत आला, पण लाकडी पेटीतून. पेटीबरोबर मी आलो. दुकान मी टाकलं.

नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "तुम चक्कीवाले के लड़के हो ना?" पहिल्या वर्षी मी "नहीं" म्हणायचो. मग पुढचं सगळं सांगावं लागायचं. ऐकणाऱ्या माणसाचा एसी बाजूला राहायचा, आणि पलीकडे चाचा चक्कीच्या आवाजातही आमच्याकडे कान देऊन आहेत असं मला वाटत राहायचं. आता मी "हाँ" म्हणतो आणि पत्ता लिहून घेतो.

हे मी मराठीत लिहितो आहे, कारण या गल्लीत मराठी कुणाला कळत नाही. चाचींना अक्षरओळख आहे. लिपी तीच असल्यामुळे त्या शब्द लावतीलही, पण अर्थ लागणार नाही. माझं मराठी आईचं. बाबा साताऱ्याकडचे, रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनऊला आले, निवृत्तीनंतर तेलीबागमध्ये घर बांधून इथेच राहिले. आई आयुष्यभर घरात मराठी बोलली आणि मी आयुष्यभर तिला हिंदीत उत्तरं दिली. "जेवलास का?" "हाँ, खा लिया." असा आमचा संवाद. लिहायला मात्र तिनेच शिकवलं, सुट्टीत, पाटीवर, माझ्या मनाविरुद्ध.

चक्कीवाल्यांचा मुलगा आणि मी एकाच वर्षी आयटीआयला रेफ्रिजरेशनला लागलो. मी बाबांच्या अपेक्षेपेक्षा खाली घसरून तिथे पोचलो होतो आणि तो त्याच्या घरातला पहिलाच, जो पीठ सोडून दुसरं काही शिकत होता. तो माझ्याहून हुशार होता हे पहिल्या महिन्यातच कळलं. बंद पडलेल्या यंत्राजवळ तो कान लावून उभा राहायचा आणि सांगायचा, कपॅसिटर गेलाय, किंवा पंख्याची बेअरिंग गेलीय. लहानपणापासून चक्कीचा आवाज ऐकून त्याला ते जमत असावं. लखनऊच्या माणसासारखा तो स्वतःला "हम" म्हणायचा आणि मला "ए मराठी."

शिकून झाल्यावर चार वर्षं आम्ही इथेच दुसऱ्यांच्या दुकानात राबलो आणि मग एका एजंटमार्फत आखातात गेलो. दोघं एकाच कंपनीत, एकाच खोलीत. खोलीत तिसरा एक सुलतानपूरकडचा मुलगा होता. जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. तो कंपनीच्या मेसमध्ये काम करायचा. आम्ही दोघं दुरुस्तीच्या गाडीवर. शाळा, गोदामं, दुकानांच्या इमारती, सगळ्यांची थंडी आमच्यावर अवलंबून होती आणि ती थंडी बनवणारी यंत्रं सगळी गच्चीवर होती.

तिथल्या उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. लोखंडी शिडीला हात लावायला हातमोजे लागायचे. दुपारी काही तास उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम होता, म्हणून सकाळच्या तक्रारी बारा वाजेपर्यंत उरकायची घाई असायची.

परत जायचं हे त्याने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. मी काहीच ठरवलं नव्हतं. मला जिथे होतो तिथे बरं वाटायचं, कारण तिथे बाबांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तो मात्र कॉम्प्रेसरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर दुकानाचा नकाशा काढायचा. कुठे टेबल, कुठे सिलिंडर, पिठाची धूळ येऊ नये म्हणून मध्ये काचेचं दार. "पीठ कॉइल में घुस गया तो समझो गया," म्हणायचा. तेलीबागमध्ये निवृत्त फौजी किती, रेल्वेवाले किती, कुणाकडे कोणता एसी, हे त्याला आखातात बसून माहीत होतं. इथले मिस्त्री गळती न शोधता नुसता गॅस भरून जातात आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलावून घेतात, याचा त्याला राग होता. "हम पहले लीकेज ढूँढेंगे. फिर गैस." हे तो एखाद्या व्रतासारखं सांगायचा. त्याच्या त्या दुकानात माझ्यासाठी एक खुर्ची त्याने धरलेलीच होती. मला विचारलं नव्हतं.

चौथ्या वर्षी, गणपतीच्या दिवशी, हे घडलं.

लखनऊला आमच्या घरी गणपती बसतो. त्या वर्षी बाबांची तब्येत नाजूक होती आणि आईने फोनवर बजावलं होतं, आरतीला तू समोर दिसलाच पाहिजेस, मोबाईलवर का होईना. आरती एक वाजता. म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेअकरा. मी डब्यात थोडा शिरा करून ठेवला होता. बरोबर अकरा वाजता एका शाळेतून तक्रार आली, वरच्या मजल्यावर थंडी बंद. रजिस्टरमध्ये माझं नाव पडलं. शाळा आमच्या निवासापासून चालत पाच मिनिटांवर.

मी बूट घालत होतो. तो नुकताच एक काम उरकून आला होता, तोंड धूत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तेरी तो आरती है."

"आके कर लूँगा."

"पागल है? भगवान वेटिंग में रहेंगे? हम देख लेते हैं. बीस मिनट का काम है."

मी एकदा नाही म्हणालो. एकदाच. त्याने माझ्या हातातली हत्यारांची पिशवी घेतली आणि दारातून वळून म्हणाला, "परसाद बचाना."

आरती झाली. आईने फोन गणपतीसमोर धरला होता, त्यामुळे मला निम्मा वेळ आरतीचं तबक आणि शेजारणीचा खांदाच दिसत होता. बाबा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. मग पुण्याहून आलेला मामेभाऊ फोनवर आला. त्याच्याशी बोललो. मग शिरा खाल्ला, शाळेवर गेलेल्या मित्रासाठी ठेवला. साडेबाराला त्याला फोन लावला. उचलला नाही. मला वाटलं, काम लांबलं असेल किंवा परस्पर मेसमध्ये जेवायला गेला असेल. परत लावला नाही. पंख्याखाली आडवा झालो.

पावणेदोनला शाळेच्या चौकीदाराने फोन केला.

मी पोचलो तोवर त्याला खाली आणलं होतं. अंग कोरडं होतं, घाम नव्हता, आणि इतकं तापलेलं की मी हात मागे घेतला. हात मागे घेतला, हे मला अजून आठवतं. इस्पितळात त्यांनी थोडा वेळ खटपट केली. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. तीस वर्षांचा होता.

संध्याकाळी सुपरवायझरने विचारलं, रजिस्टरमध्ये तुझं नाव आहे, तो कसा गेला? माझ्या तोंडातून निघालं, "मेरी तबीयत ठीक नहीं थी." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या पेनने माझं नाव खोडून त्याचं लिहिलं. नको त्या चौकश्या नकोत, एवढंच म्हणाला. चष्मेवाला दारात उभा होता. त्याने शिऱ्याचा डबा पाहिला होता, माझं फोनवरचं हसणं मेसमध्ये ऐकलं होतं. तो मागे वळून मेसकडे गेला.

नऊ दिवसांनी पेटी घेऊन मी सकाळच्या विमानाने लखनऊला उतरलो. विमानतळावर माल सोडतात त्या फाटकापाशी चाचा उभे होते. चक्कीवरून सरळ आले असावेत, भुवयांवर पीठ होतं. त्यांनी पेटीला हात लावला नाही. माझ्या खांद्याला लावला.

घरी बायकांच्या गराड्यात चाचींनी मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "अकेला क्यों गया था, बेटा? तुम लोग तो साथ जाते थे."

"उसकी ड्यूटी थी, चाची."

मी तेवढंच बोललो. त्या वाक्यावर आमचं सगळ्यांचं पुढचं आयुष्य उभं राहिलं.

मी परत गेलो नाही. त्याच्या तेराव्यानंतर चाचा मला चक्कीच्या बाजूच्या बंद खोलीपाशी घेऊन गेले. शटर वर केलं. आत गव्हाची रिकामी पोती, जुनं जातं आणि भिंतीला नवा चुना. चुना त्याच्यासाठी लावला होता. "बंद रहेगा तो इसकी माँ रोज़ देखेगी," चाचा म्हणाले. "तुम खोल लो." मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

मग मी दुकान उघडलं, आणि त्याने पुठ्ठ्यावर काढलं होतं तसंच उघडलं. टेबल उजवीकडे, सिलिंडर मागे, मध्ये काचेचं दार. दुसरं काही सुचलंच नाही. आधी लीकेज, मग गॅस, हेही त्याचंच. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून, बुडबुडा कुठे येतो ते तासभर शोधत बसलो की लोक वैतागायचे. "भैया, गैस डालो और जाओ." पण पुढचा उन्हाळा आला आणि तोच एसी चालू राहिला की तीच माणसं शेजाऱ्यांना घेऊन यायची. काम झालं की मी यंत्राला एक चिठ्ठी बांधतो, तारीख, दाब, काय बदललं. आखातातली सवय. एका निवृत्त सुभेदारांनी ती चिठ्ठी वाचून मला सलाम ठोकला होता. दुसऱ्या वर्षापासून मार्च ते जुलै मला श्वास घ्यायला फुरसत नसते. थंडीत गीझर.

लोक म्हणतात, लड़का बाहर से आया, अपने मोहल्ले में कुछ किया. चाचा ते ऐकतात आणि मान हलवतात. चाची रोज दुपारी डबा पाठवायच्या, नंतर स्वतः घेऊन यायला लागल्या. एकदा त्याचे दोन शर्ट आणले. "तुम्हारे नाप के हैं." मी घातले. कपाटात ठेवून दिले असते तर त्यांनी विचारलं असतं.

गच्चीवर मात्र माझं काही ठीक नव्हतं. त्याला एक सवय होती. यंत्राचा पत्रा उघडण्याआधी तो पान्याने दोनदा ठोकायचा, आत पाल किंवा गांधीलमाशा असल्या तर बाहेर याव्यात म्हणून. लखनऊमध्ये कबुतरं असतात. कबूतर उडालं की पत्रा वाजतो, आणि दर वेळी मला वाटायचं की तो युनिटच्या पलीकडे वाकून बसलाय, आता डोकं वर काढेल आणि म्हणेल, कंडेन्सर धुवायला लागेल. मी वाट बघायचो. खरंच बघायचो, पाना हातात धरून. मग घाईने काम उरकायचो. साडेअकरा ते दीड या वेळात मी गच्ची टाळू लागलो. गिऱ्हाइकांना सांगायचो, सकाळी सातला येतो किंवा पाचनंतर. चारबागच्या एका हॉटेलचं वर्षाचं काम मी सोडलं, कारण त्यांना दुपारीच माणूस हवा होता. आईला वाटलं, आळस.

गणपतीला आरती सुरू झाली की मी घराबाहेर फाटकापाशी जाऊन उभा राहायचो. पहिल्या वर्षी आईने हाक मारली. दुसऱ्या वर्षी ती तबक घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "देवावर राग आहे का रे?"

"नहीं, आई."

"मग कुणावर?"

मी ज्योतीवर हात फिरवून तोंडावरून घेतला आणि आत गेलो नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुकानाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात चष्मेवाला आला.

तोही सगळं सोडून परतला होता. सुलतानपूरला जमलं नाही, म्हणून तेलीबागच्या मुख्य रस्त्यावर शावरम्याची गाडी लावणार होता. मेसमध्ये तो ते शिकला होता. वळणावरची जागाही त्याने बघून ठेवली होती. उभ्या सळईवर मांस फिरतं ती शेगडी कुठे बनवून मिळेल हे विचारायला तो माझ्याकडे आला. मला बघून मनापासून खूश झाला. आम्ही गळाभेट घेतली आणि मी त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. चाचींच्या डब्याची वेळ झाली होती.

तेवढ्यात चाची डबा घेऊन आल्या. ओळख करून देणं भागच होतं. "हमारे कमरे में था, चाची." त्यांनी त्याला बसवलं, दोघांना वाढलं. तो तीन पोळ्या जेवला. मग त्यांनी अगदी साधेपणाने, पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवत विचारलं, "तुम उस दिन वहीं थे?"

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. जाड भिंगांमागे त्याचे डोळे फार मोठे दिसतात.

"वहीं था, चाची," तो म्हणाला. "ड्यूटी उसी की थी. बहुत मेहनती था. ड्यूटी कभी छोड़ता नहीं था."

चाचींनी पदर डोळ्यांना लावला. "यही तो कहते हैं सब," म्हणाल्या आणि भांडी घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी चष्मेवाल्याला विचारलं, "तूने झूठ क्यों बोला?"

"तेरे लिए बोला," तो म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "और क्या बोलता?"

मी बोललेलं खोटं तीन वर्षं माझ्या अंगवळणी पडलं होतं. तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्यात तो मेहनती झाला होता, ड्यूटी न सोडणारा झाला होता. खरं तर तो त्या दिवशी ड्यूटी संपवून आला होता. तोंड धूत होता.

त्यानंतरचे काही दिवस मी चाचींच्या हातचं जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणायचो. मग एका दुपारी, मे महिन्यात, काचेचं दार ढकलून चक्कीत गेलो. एका म्हातारीचं दळण चालू होतं. ती बाहेर पायरीवर बसली होती. चक्कीच्या आवाजात बोलायला बरं पडेल असं मला वाटलं असावं.

"चाचा, उस दिन ड्यूटी मेरी थी."

त्यांनी कानामागे हात धरला. मला ते वाक्य पुन्हा ओरडून म्हणावं लागलं. "ड्यूटी मेरी थी! वो मेरी जगह गया था!"

त्यांचा हात पीठ पडतं त्या तोंडाशी होता, पोत कसा लागतो ते बघत. तो तिथेच राहिला. "रुको," म्हणाले. म्हातारीचं दळण पुरं केलं, डबा झटकून भरला, झाकण लावून तिच्या हातात दिला. मग मोटार बंद केली. पट्टा थांबायला, जातं थांबायला थोडा वेळ लागतो. तोवर ते माझ्याकडे बघत उभे होते.

"अब बोलो."

मी सगळं सांगितलं. आरती, बीस मिनट, सुपरवायझरचं पेन.  शेवटी त्यांनी विचारलं, "पानी ले गया था?"

"एक बोतल."

"भरी हुई?"

"पता नहीं, चाचा."

त्यांनी डोक्याचा गमछा काढून त्याची घडी घातली. चक्कीचं शटर ओढलं आणि भर दुपारी घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चक्की उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लोक दळणाचे डबे घेऊन यायचे, मला विचारायचे आणि परत जायचे. चाची आल्या. "तुमसे कुछ कहा इन्होंने? खाते नहीं, बोलते नहीं. छत पर जाकर बैठते हैं, इस धूप में." मी नकारार्थी मान हलवली. हत्यारं गोणपाटात बांधायला सुरुवात केली. आमच्या घराच्या पडवीत दुकान हलवता येईल असा विचार केला. नाहीतर लखनऊच सोडावं.

पाचव्या दिवशी सकाळी शटरचा आवाज आला. चाचा आत आले. पाच दिवसांत ते वाळले होते. बांधलेल्या गोणपाटाला त्यांनी पायाने स्पर्श केला.

"यह क्या है?"

"जा रहा हूँ, चाचा."

"जाओगे तो वह पूछेगी क्यों." ते माझ्या खुर्चीवर बसले. "हमसे उससे झूठ नहीं बोला जाएगा. तुम रहोगे तो बोलना नहीं पड़ेगा."

मी उभा होतो. ते पुढे म्हणाले, "उसको नहीं बताना है. उसके पास यही एक चीज़ बची है कि लड़का अपने काम पर गया था."

मग ते उठून चक्कीकडे गेले आणि थोड्या वेळाने पट्टा फिरायला लागला. मी गोणपाट सोडलं. क्षमेची भाषा कुणी केली नाही, मीही मागितली नाही. आमच्यात ते शब्द अजूनही आलेले नाहीत.

दुसरंच काहीतरी सुरू झालं. दुपारी दळणं संपली की चाचा काचेचं दार ढकलून येतात, स्टुलावर बसतात आणि एक प्रश्न विचारतात. दिवसाला एकच. उस दिन सुबह क्या खाया था? पराठा आणि लोणचं. कमीज़ कौन सी थी? कंपनीची, निळी. हँसते हुए गया था? हाँ. मी खरं तेच सांगतो. आठवत नसेल तर तसं सांगतो. तीन वर्षं ज्या दिवसावर मी झाकण ठेवलं होतं तो दिवस आता मला रोज मिनिटामिनिटाने उघडून द्यावा लागतो. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हारी पूजा कितने बजे ख़त्म हुई?"

"बारह से पहले."

"और फ़ोन कब किया उसको?"

"साढ़े बारह."

ते हिशोब करताना मला दिसले. दिवसाला एकच प्रश्न हा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. "बीच में क्या कर रहे थे?"

"मामा का लड़का फ़ोन पर था. उससे बात कर रहा था."

"क्या बात?"

"क्रिकेट की."

 ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गेले. पुढचे आठ दिवस काही विचारायला आले नाहीत. ते आठ दिवस प्रश्नांपेक्षा जड होते.

चष्मेवाल्याची गाडी मात्र चालली. संध्याकाळी तिथे गर्दी असते. जुन्या लखनऊतल्या चौकातून मुलं बाइकवर खायला येतात. तो मला फुकट खाऊ घालतो आणि मी त्याचा फ्रिज बघतो. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. त्याने कधीतरी विचारलं होतं, सांगितलंस का? मी म्हणालो, अर्धं. त्याला कळलं नाही, मीही समजावलं नाही.

गेल्या जूनमध्ये एका गिऱ्हाइकाचा निकडीचा निरोप आला. घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई, एसी बंद, आणि वेळ बाराची. मी नाही म्हणणार होतो. चाचा दारात उभे होते. "जाओ," म्हणाले. आणि गमछा डोक्याला बांधून माझ्यामागे निघाले. चक्की बंद करून.

त्या दिवसापासून दुपारचं काम असलं की ते येतात. मी गच्चीवर, ते जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराच्या सावलीत, पाण्याची बाटली घेऊन. दर थोड्या वेळाने, मी आहे ना हे बघायला, हाक मारतात, "हो?"

"हूँ, चाचा."

गिऱ्हाइकांना ते माझे वडील वाटतात. काळजीने येतात असं त्यांना वाटतं, आणि मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण ते मनगटावरच्या घड्याळात बघतात. मी वर गेलो तेव्हा, आणि खाली आलो तेव्हा. वीस मिनिटं म्हणजे किती, ते मोजत असावेत.

परवा ते गच्चीवर आले. मी कॉइल धूत होतो. पाय भाजत असतील, चपला खालीच काढल्या होत्या. युनिटच्या बाजूला येऊन उभे राहिले. "किस तरफ़ पड़ा था?" विचारलं.

हे मला चौकीदाराने सांगितलं होतं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी हाताने दाखवलं, पत्र्याला चिकटून. चाचा तिथे उकिडवे बसले. दुपारची सावली वीतभर होती. त्यांनी त्या सावलीत पाठ टेकवून पाहिली, खांदा आत घेतला, गुडघे आत घेतले. एक पाय उन्हातच राहिला.

"इतनी ही छाँव थी?"

"इससे कम."

ते तसेच बसले. मी पाण्याचा पाइप बंद केला. त्यांच्या खिशात फोन वाजला. चाचींचा होता. त्यांनी उचलला.

"चक्की पर हैं," ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मला ऐकू आलं नाही, पण कळलं.

"आवाज़ कहाँ से आएगी," चाचा म्हणाले, "बिजली गई हुई है."

फोन खिशात टाकून त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना उठवलं, सावकाश, जिन्यापर्यंत धरून नेलं, आणि राहिलेली कॉइल धुवायला परत गेलो.